ओटीपी दिला नाही, तरी पैसे गेले कसे?

सायबर सुरक्षा : वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरे

प्रश्न : मामेभावाच्या नंबरवरून घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘आरटीओ चलन’ नावाची फाइल आली. नावाच्या शेवटी एपीके असं होतं. गाडीचं चलन असेल म्हणून यजमानांनी ती उघडली, दोन-तीनदा ‘अलाउ’ दाबलं. काहीच दिसेना, म्हणून सोडून दिलं. दुसऱ्या दिवशी पहाटे खात्यातून तीन वेळा पैसे गेले. आम्ही कुणालाही ओटीपी सांगितलेला नाही. मग हे झालं कसं? आणि आता फोनचं काय करायचं? (एक वाचक, बारामती)

उत्तर : ओटीपी त्या ॲपने परस्पर वाचला. एपीके ही ॲन्ड्रॉइड फोनवर ॲप बसवण्याची फाइल असते. नाव चलनाचं असो, लग्नपत्रिकेचं असो, पीएम किसानच्या यादीचं असो. शेवटी एपीके असेल तर तो वाचायचा कागद नाही, चालणारा प्रोग्राम आहे. आणि मामेभावाने ती पाठवलेलीच नसणार. आधी त्यांचा फोन किंवा व्हॉट्सॲप चोरांच्या ताब्यात गेलं असेल आणि तिथून ती फाइल सगळ्या ग्रुपवर गेली असेल. ओळखीच्या नंबरवरून आली म्हणून आपण बेसावध राहतो, नेमका त्याचाच हे लोक फायदा घेतात.

पहिलं ‘अलाउ’ होतं व्हॉट्सॲपमधून ॲप बसवू देण्याचं. दुसरं बहुतेक एसएमएस वाचण्या-पाठवण्याचं. ही परवानगी मिळाली की येणारा प्रत्येक मेसेज त्याच क्षणी चोराकडेही जातो. यूपीआय नव्या फोनवर सुरू करताना पडताळणीचा मेसेज तुमच्या सिमवरून जावा लागतो. एसएमएस पाठवायची मुभा असलेलं ॲप तोही गुपचूप पाठवू शकतं. कार्डाचा नंबर आणि पिन मिळवायला अशी काही ॲप ‘चलनाची रक्कम भरा’ म्हणून खोटा फॉर्म दाखवतात. काही ॲप ‘ॲक्सेसिबिलिटी’ची परवानगी मागतात. ही सोय मुळात अंध आणि अपंग वापरकर्त्यांसाठी आहे, पण ती हाती आली की ॲप पडद्यावरचा मजकूर वाचू शकतं आणि तुमच्या वतीने बटणंही दाबू शकतं. एवढं पदरात पडलं की ॲपचं चिन्ह पडद्यावरून नाहीसं होतं. म्हणून यजमानांना ‘काहीच दिसलं नाही’. पैसे पहाटे जातात, कारण तेव्हा मेसेज बघायला कुणी जागं नसतं.

आता फोनचं. इथे क्रम चुकला तर नुकसान वाढतं. सर्वांत आधी त्या फोनचा मोबाइल डेटा आणि वायफाय बंद करा. नुसत्या एअरप्लेन मोडवर विसंबू नका, काही फोनमध्ये तो लावल्यावरही वायफाय चालूच राहतं. मग सिम काढून दुसऱ्या, स्वच्छ फोनमध्ये घाला, म्हणजे पुढचे ओटीपी तुमच्या हातात येतील. त्या दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवून कार्ड, नेटबँकिंग आणि यूपीआय बंद करून घ्या आणि लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला फोन करा. पासवर्ड बदलायचे तेही दुसऱ्या फोनवरून. बाधित फोनवर नवा पासवर्ड टाकणं म्हणजे तो चोराच्या हाती देणं.

पुरावा जपा. ग्रुपमधला तो मेसेज, फाइलचं नाव, वेळ आणि बँकेचे मेसेज यांचे दुसऱ्या फोनने फोटो काढा. घाईघाईने फोन फॉरमॅट केला की तक्रारीला जोडायला हाताशी काही उरत नाही.

त्यानंतर सफाई. सेटिंग्जमध्ये ‘ॲप्स’ची पूर्ण यादी उघडा. पडद्यावर नसलेलं ॲप इथे सापडतं, कधी कोऱ्या नावाने, कधी ‘सिस्टीम अपडेट’सारख्या साळसूद नावाने. ‘अनइन्स्टॉल’ फिकट दिसत असेल, दाबलं जात नसेल, तर त्या ॲपने ‘डिव्हाइस ॲडमिन’चा अधिकार घेतलेला असतो. सेटिंग्जच्या शोधात ‘डिव्हाइस ॲडमिन’ टाइप करा, तिथली खूण काढा, मग अनइन्स्टॉल करा. तरीही दाद देत नसेल तर फोन सेफ मोडमध्ये सुरू करा. बऱ्याच फोनमध्ये पॉवर बटण दाबून धरायचं आणि आलेल्या ‘पॉवर ऑफ’वर बोट दाबून ठेवायचं. सेफ मोडमध्ये बाहेरून बसवलेली ॲप चालत नाहीत, त्यामुळे काढताना अडवणूक होत नाही.

एक ॲप सापडलं म्हणून थांबू नका. पहिलं ॲप पुष्कळदा नुसतं वाहक असतं. ते ‘अपडेट’ म्हणून दुसरं बसवतं आणि खरं काम दुसरं करतं. ॲक्सेसिबिलिटी, नोटिफिकेशन ॲक्सेस, एसएमएसचं डिफॉल्ट ॲप आणि ‘इन्स्टॉल अननोन ॲप्स’ या चारही ठिकाणी अनोळखी नाव आहे का, ते पाहा. शेवटच्या ठिकाणी व्हॉट्सॲपसमोरची परवानगी बंद करा. मग प्ले स्टोअरमधल्या प्ले प्रोटेक्टने स्कॅन करा. ज्या फोनवर बँकेचे व्यवहार होतात आणि ज्यात ॲक्सेसिबिलिटी दिली गेली होती, तो आमच्या मते फोटो-संपर्क काढून घेऊन फॅक्टरी रीसेटच करावा, म्हणजे पूर्ण पुसून नव्यासारखा करावा. बॅकअप परत घेताना ती एपीके फाइल सोबत येऊ देऊ नका.

खरं चलन तपासायचं असेल तर पत्ता स्वतः टाइप करा. देशभरासाठी ‘ईचलन डॉट परिवहन डॉट गव्ह डॉट इन’, महाराष्ट्रासाठी ‘महाट्रॅफिकईचलन डॉट गव्ह डॉट इन’. पत्ता शेवटाकडून वाचायची सवय लावा. सुरुवातीच्या ‘एचटीटीपीएस’नंतरच्या दोन रेघा सोडून पुढे येणाऱ्या पहिल्या तिरक्या रेघेच्या लगेच आधी ‘डॉट गव्ह डॉट इन’ हवं. ‘ईचलन-परिवहन डॉट इन’ दिसायला सरकारी वाटतं, पण ‘डॉट इन’चं नाव कुणीही विकत घेऊ शकतो, ‘गव्ह डॉट इन’ फक्त सरकारी संस्थांना मिळतं. बँकांचंही तसंच आहे. रिझर्व्ह बँकेने सर्व बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत ‘बँक डॉट इन’ या राखीव पत्त्यावर जायला सांगितलं होतं.

प्रश्न : वडिलांच्या खात्यातून पैसे गेले. त्यांनी फोनवर ओटीपी सांगितला होता. शाखेत म्हणतात, “तुमचीच चूक, आम्ही काही करू शकत नाही.” हे खरं आहे का? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : अर्धंच खरं आहे. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने हे ठरवून दिलं. ग्राहकाने स्वतः ओटीपी किंवा पिन दिला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान त्याचं. कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. म्हणून शाखा उघडायची वाट पाहू नका. बँकेच्या हेल्पलाइनवर रात्रीही कळवता येतं आणि तक्रार क्रमांक मिळाला की तुमची वेळ नोंदली जाते.

बारामतीच्या वाचकांनी पुढचा भाग वाचावा. चूक ना बँकेची ना ग्राहकाची, कुणा तिसऱ्यानेच गडबड केली, अशा वेळी ३ कामकाजाच्या दिवसांत कळवल्यास ग्राहकावर काहीच बोजा नाही. ४ ते ७ कामकाजाच्या दिवसांत कळवल्यास मर्यादित बोजा, नेहमीच्या बचत खात्याला जास्तीत जास्त १०,००० रुपये. बँकेचा मेसेज ज्या दिवशी आला तो दिवस यात धरत नाहीत. ग्राहकाची चूक होती हे सिद्ध करण्याची जबाबदारी बँकेवर आहे. ‘ओटीपी पडला म्हणजे तुम्हीच दिला’ एवढं म्हणून भागत नाही. म्हणूनच त्या एपीकेचे फोटो मोलाचे आहेत.

तक्रार तोंडी करू नका, लेखी करा आणि पोच घ्या. ३० दिवसांत उत्तर आलं नाही, किंवा आलेलं पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते. त्याला शुल्क नाही.

१९३० ला फोन करताना हे समोर ठेवा : खातं किंवा कार्ड कोणत्या बँकेचं, रक्कम, तारीख-वेळ आणि व्यवहाराचा क्रमांक (यूपीआयचा १२ आकडी). क्रमांकाअभावी पुढच्या बँकेला पैसा शोधणं जड जातं. चोरलेली रक्कम एका खात्यात थांबत नाही. भाड्याने घेतलेल्या खात्यांतून पुढे सरकत एटीएममधून काढली जाते. ती वाटेत ज्या खात्यात असेल तिथे गोठवता आली तरच परत मिळण्याची आशा. फोननंतर ‘सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन’वर तक्रार पूर्ण करा. पोलीस ठाण्यात ‘आमची हद्द नाही’ असं ऐकावं लागलं तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३ दाखवा. दखलपात्र गुन्ह्याची खबर कोणत्याही ठाण्यात देता येते.

काही दिवसांनी ‘तुमची रक्कम सापडली, प्रक्रिया शुल्क भरा’ असा फोन येऊ शकतो. तो फसवणुकीचा दुसरा अंक असतो. रक्कम परत मिळवून द्यायला पोलीस किंवा बँक फोनवर शुल्क मागत नाहीत.

प्रश्न : जुनं कपाट ऑनलाइन विकायला काढलं. घेणारा म्हणतो, क्यूआर स्कॅन करून पिन टाका, मग पैसे जमा होतील. टाकू का? (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : नाही. पिन टाकला की पैसे जातात. घ्यायला पिन कधीच लागत नाही.

प्रश्न : कुरियरवाल्याचा फोन आला, “पत्ता सापडत नाही, डिलिव्हरी बॉयला जोडून देतो, हा कोड डायल करा.” कोड ‘स्टार २१ स्टार’ आणि पुढे दहा आकडी नंबर असा होता. आईने डायल केला. तासाभरात तिचं व्हॉट्सॲप बंद पडलं. (एक वाचक, फोंडा)

उत्तर : त्या कोडने आईचे सगळे कॉल त्या दहा आकडी नंबरकडे वळले. मग चोराने त्याच्या फोनवर आईचं व्हॉट्सॲप नोंदवलं, पडताळणीचा कोड ‘कॉलवर सांगा’ असं निवडलं आणि तो कॉल थेट त्याच्याकडे गेला.

‘हॅश हॅश ००२ हॅश’ डायल करा, सगळं फॉरवर्डिंग रद्द होतं. ‘स्टार हॅश २१ हॅश’ने खात्री करून घ्या. नेटवर्कने कोड स्वीकारला नाही तर मोबाइल कंपनीच्या ग्राहकसेवेकडून काढून घ्या. ही नोंद फोनमध्ये नसते, कंपनीकडे असते. फोन फॉरमॅट करून ती जात नाही. फॉरवर्डिंग निघाल्यावरच व्हॉट्सॲप पुन्हा नोंदवा, नाहीतर नवा कोडही तिकडेच जाईल. एसएमएसने आलेला ६ आकडी कोड टाकताच चोर बाहेर फेकला जातो. त्याने दोन पायऱ्यांचा पिन लावून ठेवला असेल तर तुम्हाला ७ दिवस थांबावं लागेल, पण तोवर तोही आत नसतो. ओळखीच्यांना लगेच फोनवरून सांगा, कारण आईच्या नावाने पैसे मागितले गेले असतील. पुढे आपला पिन स्वतः लावा : सेटिंग्ज, अकाउंट, टू-स्टेप व्हेरिफिकेशन.

प्रश्न : झेरॉक्सच्या दुकानातून पेन ड्राइव्ह आणला की सगळ्या फोल्डरांचे शॉर्टकट होतात आणि फाइली उडतात. फॉरमॅट करायचा का? (एक विद्यार्थी, लातूर)

उत्तर : लगेच नको, फाइली बहुधा आतच आहेत. व्हायरसने त्यांना ‘हिडन’ आणि ‘सिस्टीम’ अशी खूण लावून लपवलेलं असतं आणि त्याच नावाचे शॉर्टकट ठेवलेले असतात. शॉर्टकट उघडला की फोल्डरही उघडतो आणि व्हायरसही चालतो, म्हणून संशय येत नाही. शॉर्टकटवर उजवी क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’मधलं ‘टार्गेट’ वाचा. तिथे फोल्डरच्या मार्गाऐवजी एखादी कमांड किंवा स्क्रिप्टचं नाव दिसेल.

कशावरही डबल-क्लिक करू नका. एक्सप्लोररमधल्या ‘फोल्डर ऑप्शन्स’च्या ‘व्ह्यू’मध्ये हिडन फाइली दाखवा आणि ‘हाइड प्रोटेक्टेड ऑपरेटिंग सिस्टीम फाइल्स’ची खूण काढा. खरे फोल्डर फिकट रंगात दिसतील, कधी कोऱ्या नावाच्या एका फोल्डरच्या पोटात. त्यातली फक्त तुमची कागदपत्रं आणि फोटो कॉपी करा. शॉर्टकट किंवा नावाच्या शेवटी ईएक्सई, व्हीबीएस असलेल्या प्रोग्रामच्या फाइली, यातलं काहीही घेऊ नका. मग पेन ड्राइव्ह फॉरमॅट करा आणि विंडोजच्या डिफेंडरने पूर्ण स्कॅन लावा, कारण शॉर्टकट आधी उघडला असेल तर लॅपटॉपही बाधित असणार आणि स्वच्छ पेन ड्राइव्ह पुन्हा तसाच होईल. स्कॅन झाल्यावर खूण पूर्ववत लावा.

प्रिंटसाठी एक छोटा वेगळा पेन ड्राइव्ह ठेवा, त्यात प्रिंटच्या पीडीएफशिवाय काही नको. दुकानाच्या संगणकावर व्हॉट्सॲप वेब जोडलं असेल तर निघण्याआधी फोनमधल्या ‘लिंक्ड डिव्हाइसेस’मधून ते काढून टाका. दुकानाच्या पडद्यावरची खिडकी नुसती बंद केल्याने जोडणी तुटत नाही.