फोंड्याच्या आईसाठी डिमेन्शिया केअर: आधी सह्या, मग सेंटर

दादा, तुमचं म्हणणं थोडक्यात असं: आई ७६ वर्षांची, डिमेन्शियाचं, म्हणजे स्मृती नि समज हळूहळू जाण्याच्या आजाराचं, निदान होऊन तीन वर्षं झाली, आता दिवेलागणीला दार उघडून बाहेर पडते. ८१ वर्षांचे बाबा शिक्षकाच्या पेन्शनवर, फोंड्याच्या घरात दिवसभर तिच्या मागे. तुम्ही पुण्याला, बहीण वास्कोला. बार्देशातल्या, म्हणजे म्हापशाकडच्या तालुक्यातल्या, एका डिमेन्शिया सेंटरने महिन्याला ४५,००० सांगितलेत. ते घ्यावं का, आणि पैशांसाठी घरामागची जागा विकावी का, असं विचारताय. सासूबाईंचं हे आजारपण मी शेवटपर्यंत काढलंय आणि नंतर बऱ्याच कुटुंबांबरोबर अशी सेंटरं बघायला गेलेय, म्हणून सविस्तर लिहिते.

सेंटरचं नंतर बघू. आपण कशावर सही करतोय हे आईला आज समजतं का, ते आधी बघा. बांबोळीला मानसोपचार इस्पितळात किंवा गोवा मेडिकल कॉलेजच्या न्यूरॉलॉजी विभागात तिला दाखवा आणि तिच्या समजेबद्दल डॉक्टरांकडून लेखी घ्या. मुलाच्या नावे पॉवर ऑफ अॅटर्नी आहे म्हणून पुष्कळ घरं निर्धास्त असतात. पण आपल्या करार कायद्याप्रमाणे, देणाऱ्याची समज गेली की ती पॉवरही संपते. मग पालक नेमून घ्यायला पर्वरीला हायकोर्टात जावं लागतं, त्यात वकिलाची फी जाते आणि महिने जातात. आईला अजून कळत असेल तर जे करायचं ते याच महिन्यात करा.

जागेच्या बाबतीत तर गोव्याचा कायदा वेगळा. लग्नाच्या वेळी निराळा करार केलेला नसेल, तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक, दोघांची अर्धी-अर्धी. जागा एकट्या बाबांच्या नावावर असली तरी आईच्या सहीशिवाय ती विकता येत नाही, आणि न समजता केलेली सही पुढे कोर्टात टिकत नाही. त्यात एक-चौदाच्या उताऱ्यावर (आपल्या गोव्याचा सात-बारा) अजून आजोबांचंच नाव असेल तर आधी इन्व्हेंटरी, म्हणजे वारसांत वाटणीची कोर्टातली प्रक्रिया, आणि काका-आत्यांच्या सह्या. माझं मत विचाराल तर सेंटरचा पहिला हप्ता भरण्यासाठी जागा विकायला काढू नका. तुमच्या गळ्याशी आलंय हे गिऱ्हाइकाला लगेच कळतं आणि भाव पडतो.

त्याआधी बँकेत जा. ठेवी आणि खाती दोघांपैकी कुणालाही चालवता येतील अशी करून घ्या, नॉमिनी तपासा. बाबांची पेन्शन आईबरोबरच्या जॉइंट खात्यात येते का बघा, आणि पेन्शनच्या कागदांवर आईचं नाव नि जन्मतारीख आधार कार्डाशी जुळते का तेही बघा. बोलायला जड जातंय, पण बाबा ८१ वर्षांचे आहेत. त्यांना आधी काही झालं तर आईची फॅमिली पेन्शन सुरू करायला ती स्वतः बँकेत उभी राहू शकणार नाही. ही एवढीशी दुरुस्ती न केल्याने पेन्शन कित्येक महिने अडकलेली मी पाहिलीय.

आता हिशेब. महिना ४५,००० म्हणजे वर्षाला ५,४०,०००. फी दरवर्षी ८ टक्क्यांनी वाढते असं धरलं तर सहा वर्षांत ३९ लाख ६० हजारांच्या आसपास जातात. निदानानंतर आठ-दहा वर्षं जगणारी माणसं असतात, त्यामुळे सहा वर्षं हा काही फुगवलेला आकडा नाही. डायपर, औषधं, डॉक्टरांची भेट, इस्पितळात नेलं तर सोबतीच्या माणसाचे पैसे बहुतेक यात धरलेले नसतात. सांगितलेल्या फीवर नेमकं काय काय चढणार, ते लेखी मागा. मग तुम्ही, बहीण आणि बाबांची पेन्शन यांत कोण किती देणार ते कागदावर मांडा. भावंडांतली भांडणं मी इथेच सुरू झालेली पाहिलीत: एक पैसे देतो, दुसरा धावपळ करतो आणि दोघांनाही आपलंच जास्त वाटतं. बहीण वास्कोहून धावणार असेल तर तिच्या धावण्याची किंमत त्याच कागदावर धरा.

सरकारी योजनांकडून फार अपेक्षा ठेवू नका. गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेत तिघांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख मिळतात, चौघे किंवा जास्त असतील तर चार लाख. केंद्राचं ७० वर्षांवरच्यांसाठीचं आयुष्मान कार्ड पाच लाखांचं. दोन्ही इस्पितळातल्या उपचारांसाठी आहेत. सेंटरची महिन्याची फी त्यातून निघत नाही, साध्या मेडिक्लेममधूनही नाही. तरी कार्डं काढून ठेवा, कारण हाड मोडणं नि न्यूमोनिया या आजारात येतातच. जुन्या करप्रणालीत रिटर्न भरत असाल तर ठरावीक आजारांच्या खर्चावरची, ८०डीडीबी या नावाने ओळखली जाणारी आयकर सवलत सीएला विचारा. डिमेन्शिया त्या यादीत आहे, ज्येष्ठांसाठी मर्यादा एक लाखाची. त्यासाठी न्यूरॉलॉजिस्टचं प्रिस्क्रिप्शन लागतं आणि अपंगत्व ४० टक्के किंवा जास्त असल्याचा दाखला लागतो.

आता सेंटर. आजची आई चालती-बोलती आहे, पण तुम्ही दोन वर्षांनंतरच्या आईसाठी जागा शोधताय. ती रात्रभर जागी असेल, कदाचित ओरडेल, हात उगारेल, कपड्यांत लघवी करेल, पुढे अंथरुणाला खिळेल. म्हणून मालकाला पहिला प्रश्न हा विचारा: कोणत्या अवस्थेत तुम्ही माणूस परत पाठवता? सासूबाईंना आम्ही एका ठिकाणी ठेवलं होतं. रात्री ओरडतात, इतरांना त्रास होतो, घेऊन जा, असा फोन महिन्याभरात आला. करारात डिपॉझिट परत देण्याबद्दल एक ओळही नव्हती. परत पाठवायची कारणं, किती दिवसांची नोटीस आणि डिपॉझिट, या तिन्ही गोष्टी लिहून मिळाल्याशिवाय पैसे भरू नका. प्रोवेदोरिया या सरकारी संस्थेचे नि खासगी वृद्धाश्रम आहेत, पण वृद्धाश्रम आणि डिमेन्शियाचं सेंटर एक नव्हे. जिथे फाटक उघडं आणि रात्री एकच माणूस, तिथे तुमच्या आईला ठेवू नका.

बहिणीला संध्याकाळी सहानंतर, न कळवता जायला सांगा. सकाळी सगळीच सेंटरं छान दिसतात, न्हाऊन-माखून माणसं व्हरांड्यात बसलेली असतात. या आजारात घालमेल वाढते ती सूर्य कलल्यावर, ‘मला घरी जायचंय’ सुरू होतं ते तेव्हाच. त्या वेळी मदतनीस काय करतात ते बघायचं: हात धरून अंगणात चार फेऱ्या मारतात, की खोलीत नेऊन कडी लावतात? सगळेच साडेसातला गाढ झोपलेले दिसले तर कोणती गोळी देता, कुणी लिहून दिली, हे विचारा. डिमेन्शियात अँटिसायकॉटिक, म्हणजे मानसिक आजारांत देतात त्या गुंगी आणणाऱ्या, औषधांनी स्ट्रोकचा नि मृत्यूचा धोका वाढतो हे जगभर मान्य आहे. कधीकधी ती लागतात, पण डॉक्टरांनी ठरवून, थोड्या काळासाठी. तुम्हाला कळवल्याशिवाय नवीन गोळी सुरू होणार नाही, हेही करारात घाला.

भाषेकडे माझं विशेष लक्ष असतं. आजार वाढला की नंतर शिकलेली भाषा बहुतेकदा आधी जाते. मदतनीस बहुतेक ओडिशा-झारखंडच्या मुली, मायेच्या असतात, पण हिंदीत बोलतात. आई घरात कोंकणी बोलणारी आणि भजन मराठीत म्हणणारी असेल तर निदान एक बाई तरी तिच्या भाषेतली हवी. ‘पेज जाय गे?’ (पेज हवी का गं?) असं विचारल्यावर जी तोंड उघडते, तीच ‘खाना खा लो’ म्हटलं की ताट सारते. जेवणाचंही विचारा. जन्मभर हुमण-शीत, म्हणजे माशाची आमटी नि भात, जेवलेल्या बाईला रोज डाळ-चपाती दिली तर तिचं वजन उतरतं. सोमवारी ती शिवराक (शाकाहार) पाळत असेल तर तेही सांगून ठेवा, अशा सवयी फार उशिरा पुसतात.

आणखी एक. चालणं, बोलणं, शुद्ध यांत दोन-चार दिवसांत अचानक फरक पडला तर आजार वाढला असं समजू नका. लघवीचं इन्फेक्शन, पडून डोक्याला लागलेला मार, नवीन औषध, यातलं काही असू शकतं. लगेच दाखवा. बी-१२ आणि थायरॉइड तपासलं नसेल तर तेही करून घ्या.

सेंटर मिळेपर्यंत आई घरीच आहे, म्हणून परसातल्या विहिरीवर आजच लोखंडी जाळी बसवा आणि दाराची कडी तिच्या नजरेच्या वर लावा. बाबांना रात्रीची झोप मिळेल एवढी तरी बाई ठेवा, आणि चवथीच्या, म्हणजे गणपतीच्या, आठवड्यात ती गावी जाणार हे धरून चाला. संगथ संस्थेचा गोव्यातल्या ८१ कुटुंबांबरोबरचा अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक सल्लागारांनी घरी जाऊन समजावलं, आधार दिला, तर सांभाळणाऱ्यांचं मानसिक आरोग्य सुधारलं. तशी मदत बाबांना हवी आहे. बांबोळीला आईला दाखवाल तेव्हा बाबांबद्दलही बोला. ज्येष्ठांसाठीची १४५६७ आणि मानसिक आरोग्याची १४४१६ ही हेल्पलाइन त्यांच्या फोनवर साठवून द्या.

बार्देशातलं ते सेंटर वरच्या सगळ्या गोष्टींत उतरलं तरी मला ते एका कारणासाठी खटकतं. फोंड्याहून म्हापशाच्या बाजूला जायला बाबांना पणजीत बस बदलावी लागणार, पावसाळ्यात तर ते आठवड्यातून एकदाही पोचणार नाहीत. फोंडा, मडगाव किंवा बहिणीच्या वास्कोच्या वाटेवर काही मिळतं का ते आधी शोधा, महिन्याला चार-पाच हजार जास्त पडले तरी. आणि मिळालं तर आधी महिनाभरापुरतंच ठेवा, घरची खोली तोवर मोडू नका.