फेलोशिप परवडेल, पॉलिसी नाही

धायरीहून एका संशोधक ताईंचं पत्र आलंय. वय ३३, पर्यावरणशास्त्रात नुकतीच पीएच.डी., विषय फाउंड्री कामगारांच्या छातीत जाणारी सिलिकाची धूळ. अहमदाबादच्या एनआयओएचमध्ये, म्हणजे आयसीएमआरच्या व्यावसायिक आरोग्य संस्थेत, दोन वर्षांची पोस्टडॉक, म्हणजे पीएच.डी.नंतरच्या संशोधनाची, फेलोशिप मिळतेय. घरभाडं धरून महिना सुमारे ८० हजार. दुसरीकडे चाकणच्या कंपनीत सुरक्षा-पर्यावरण विभागात नोकरी, पॅकेज ११ लाख. वडील भोसरीच्या एका फाउंड्रीतून निवृत्त, पेन्शन ३,१०० रुपये. त्या विचारतात, "फेलोशिप घेतली तर माझं किती नुकसान?"

ढोबळ हिशेब असा. ११ लाखांच्या पॅकेजमधून कंपनीचा पीएफ, ग्रॅच्युइटी आणि 'मिळाला तर मिळाला' असा बोनस काढला की हातात येतात ७०-७२ हजार. राहणार घरीच. फेलोशिपचे ८० हजार दिसायला जास्त, पण अहमदाबादची खोली, जेवण, येणं-जाणं यात २५ हजार जाणार आणि पीएफ एक रुपयाही नाही. पीएफ धरून दोन वर्षांचा फरक साधारण साडेसहा लाख. ज्या विषयात सहा वर्षं घालवली, त्यासाठी हे मला महाग वाटत नाही.

प्रश्न संपला. आता पत्राच्या दुसऱ्या पानावर येतो. तिथे एक वाक्य जाता जाता आलंय: "शिवाय जानेवारीत दीड लाखाचा हप्ता असतोच."

सोबत माहितीपत्रकाचा फोटो आहे. '२४ लाख गॅरंटीड' या आकड्याभोवती निळ्या पेनाने गोल आणि बाजूला कुणीतरी लिहिलंय, 'रिटायरमेंट + टॅक्स'. विमा पॉलिसी जानेवारी २०२५ ची, बँकेतल्या रिलेशनशिप मॅनेजरने दिलेली. दहा वर्षं दीड-दीड लाख भरायचे, मग दहा वर्षं दरवर्षी २ लाख ४० हजार घ्यायचे.

तेव्हा ताईंना सीनियर फेलो म्हणून महिना ४२ हजार मिळत होते. वर्षाचे पाच लाख. त्यावर नव्या करप्रणालीत कर शून्य! म्हणजे जो कर लागतच नव्हता, तो वाचवायला कमाईचा तीस टक्के हिस्सा दहा वर्षांसाठी अडकवला. आणि प्रपोजल फॉर्मवर वार्षिक उत्पन्न काय लिहिलंय? १२ लाख. हा आकडा कुणी भरला हे मी विचारत नाही, सही मात्र ताईंचीच आहे. असे फॉर्म आमच्याकडे इतके येतात की आता राग यायचाही कंटाळा आलाय.

'गॅरंटीड' परतावा किती, तेही बघू. प्रत्येक दीड लाख बरोबर अकरा वर्षांनी २ लाख ४० हजार होऊन परत येतो. याचा दर पडतो ४.४ टक्के. हेच पैसे पीपीएफमध्ये ७.१ टक्क्यांनी अकरा वर्षं राहिले, तर ३ लाख २० हजारांच्या आसपास होतात. हमी तिथेही आहे, आणि सरकारची आहे.

दुसरा हप्ता वडिलांच्या पीएफच्या एफडीतून भरला, हे वाचून मी पत्र जरा बाजूला ठेवलं.

फेलोशिप अडचणीत येईल ती या हप्त्यामुळे. संशोधनवृत्तीचे पैसे महिन्याच्या एक तारखेला येत नाहीत, हे पाच वर्षं फेलोशिपवर काढलेल्या माणसाला मी काय सांगणार? चार महिने उशीर धरा. अहमदाबादचा खर्च एक लाख, घरी पाठवायचे वीस हजार दरमहा म्हणजे ८० हजार, वर जानेवारीचा दीड लाख. झाले ३ लाख ३० हजार. तुमच्याकडे शिल्लक आहे २ लाख १० हजार. हप्ता नसेल तर त्याच पैशात चार महिने निघतात.

तेव्हा हप्ता थांबवा. "भरलेले तीन लाख बुडतील का?" हा विचार आधी मनातून काढा. निर्णय उरलेल्या १२ लाखांचा आहे. दोन हप्ते भरून झालेत, त्यामुळे पॉलिसी पेड-अप करता येईल, म्हणजे पुढचे हप्ते न भरता कमी लाभावर चालू ठेवता येईल. ढोबळमानाने एक पंचमांश लाभ राहतो, वर्षाला ४८ हजारांच्या आसपास. पेड-अपचा आणि सरेंडरचा (पॉलिसी मोडून मिळणाऱ्या पैशाचा), दोन्ही आकडे कंपनीकडून लेखी मागा. सोबत फॉर्मवरच्या चुकीच्या उत्पन्नाबद्दल कंपनीच्या तक्रार कक्षाकडे अर्ज करा. दाद मिळाली नाही तर पुण्यातच विमा लोकपालांचं कार्यालय आहे, तिथे वकील लागत नाही. सगळे पैसे परत मिळतील अशी आशा मात्र धरू नका. विमा हवा असेल तर साधा टर्म, म्हणजे फक्त मृत्यूनंतर पैसे देणारा विमा, घ्या.

"दोन वर्षांनी असिस्टंट प्रोफेसर होईनच" असंही लिहिलंय. जागा निघाली, मुलाखत झाली, नेमणूक आली, तर. तोवर सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर, तासांचे पैसे मोजणारे कितीतरी पीएच.डी.धारक तुमच्याच विभागात असतील. दुसऱ्या फेलोशिपचा किंवा उद्योगातल्या नोकरीचा अर्ज दीड वर्षाच्या आतच तयार ठेवा.

आणि पत्रात आलेला बाबांचा खोकला. एजंटने सांगितलं म्हणे, आरोग्य विम्याच्या फॉर्मवर लिहू नका. लिहा. आजार लपवला तर ऐन क्लेमच्या वेळी कंपनी हात वर करेल. सांगितला तर हप्ता थोडा वाढेल, त्या आजाराच्या क्लेमसाठी जास्तीत जास्त तीन वर्षं थांबावं लागेल, कदाचित नकारही येईल. पण आज मिळालेला नकार परवडतो. त्याआधी त्यांचा छातीचा एक्स-रे काढा. २८ वर्षं फाउंड्रीत काढलेल्या माणसाचा खोकला म्हणजे काय असू शकतं, हे माझ्यापेक्षा तुम्हाला जास्त ठाऊक. डॉक्टरांना नोकरीचा इतिहास सांगा, नाहीतर नुसतं कफ सिरप मिळेल. जुन्या पगार-स्लिपांवर ईएसआयची (कामगार राज्य विमा योजनेची) कपात दिसते का, तेही पाहा; आजार व्यवसायजन्य ठरला तर तिथे हक्क सांगता येऊ शकतो.

अहमदाबादचं तिकीट काढण्याआधी बँकेत जाऊन त्या हप्त्याचं ऑटो-डेबिट बंद करा. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय काउंटरवरून हलू नका.