पाच वर्षांचा व्हिसा मिळाला, मग सेव्हिसचं पुढे काय काम?

३५० डॉलर सेव्हिस (परदेशी विद्यार्थ्यांची नोंद ठेवणारी अमेरिकी सरकारची यंत्रणा) फी भरली, पासपोर्टवर पाच वर्षांचा एफ-१, म्हणजे विद्यार्थी व्हिसा, लागला, आता सेव्हिसचा विषय संपला का, असं तुम्ही विचारलंय. खरं तर तो आता सुरू होतोय. व्हिसा तुम्हाला अमेरिकेच्या दारापर्यंत नेतो. आत राहण्यासाठी सेव्हिसमधलं रेकॉर्ड ‘अ‍ॅक्टिव्ह’ लागतं, आणि त्यात नोंदी करतो तुमच्या युनिव्हर्सिटीचा डीएसओ, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांचं काम बघणारा अधिकारी. मी तिथे मास्टर्स करत होते तेव्हा मुलांना व्हिसाची तारीख तोंडपाठ असायची, डीएसओचं नाव मात्र विचारावं लागायचं!

पोचल्यावर, कोर्स सुरू होण्याच्या तारखेपासून ३० दिवसांत तुमची नोंदणी डीएसओने करायची असते. घर बदललंत तर १० दिवसांत कळवा. विषय ड्रॉप करण्याआधी त्याची परवानगी घ्या. आधी ड्रॉप आणि मग ईमेल, हा क्रम फार महागात पडतो.

सगळ्यात जपायचं ते ट्रान्सफरच्या वेळी. युनिव्हर्सिटी बदलताना जुनीने तुमचं रेकॉर्ड नवीकडे कधी सोडायचं याची ‘रिलीज डेट’ ठरते. ती उलटली की जुन्या डीएसओच्या हातात काही राहत नाही आणि जुन्या कॅम्पसवरची नोकरीही त्याच दिवशी संपते. ओपीटीवर (शिक्षणाशी संबंधित कामाची तात्पुरती परवानगी) असाल तर तीही गेली. त्यामुळे ही तारीख पगार आणि प्रवास बघून ठरवा.

एवढा पहारा कशाला? १९९३ च्या वर्ल्ड ट्रेड सेंटर स्फोटातला एक जण विद्यार्थी व्हिसावर आलेला होता, म्हणून १९९६ मध्ये परदेशी विद्यार्थ्यांची माहिती ठेवण्याचा कायदा झाला, अंमलबजावणी रेंगाळली. मग मार्च २००२ मध्ये, ११ सप्टेंबरच्या हल्ल्याला सहा महिने झाल्यावर, फ्लोरिडातल्या एका फ्लाइंग स्कूलला दोन मृत हल्लेखोरांना विद्यार्थी म्हणून राहायची मंजुरी मिळाल्याची कागदपत्रं टपालाने पोचली. एवढी शोभा झाल्यावर २००३ मध्ये सेव्हिस सुरू झालं.

यंत्रणा चुकतेही. एप्रिल २०२५ मध्ये पोलिसांच्या जुन्या नोंदींशी नावं जुळली म्हणून सेव्हिसमधली हजारो रेकॉर्ड ‘टर्मिनेट’, म्हणजे बंद, झाली. लोक कोर्टात गेले आणि महिनाअखेरीस सरकारने ती परत चालू करायला घेतली.

तुमचं रेकॉर्ड टर्मिनेट झाल्याचा ईमेल आलाच तर डीएसओकडून टर्मिनेशनचं कारण लेखी मागा. चूक ऑफिसची असेल तर ते दुरुस्तीची विनंती पाठवू शकतात. तुमच्याकडून काही राहिलं असेल तर रीइन्स्टेटमेंटचा, म्हणजे विद्यार्थी दर्जा परत मिळवण्याचा, अर्ज करावा लागतो, तोही साधारणपणे पाच महिन्यांच्या आत, आणि त्यासाठी इमिग्रेशन वकील गाठा, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप नको.