नेदरलँड्समध्ये पहिलं बाळंतपण आहे, सातवा महिना लागलाय आणि आई येऊ शकत नाही. एकटीने निभावेल का?

निभावतं, पण एकटीने निभावायची जिद्द धरू नका. माझा मुलगा २०१८ साली द हेगला झाला. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, सासूबाई सासऱ्यांना सोडून येऊ शकत नव्हत्या, आणि नवऱ्याला तेव्हा पगारी रजा मिळायची ती दोन दिवस. (आता बरं आहे. एक आठवडा पूर्ण पगारी, आणि जुलै २०२० पासून आणखी पाच आठवडे ७० टक्के पगारावर घेता येतात. नवऱ्याला आत्ताच अर्ज करायला लावा.)

पहिलं काम क्रामझोर्गचं, म्हणजे बाळंतिणीच्या मदतीला घरी येणाऱ्या सेवेचं. अजून नाव नोंदवलं नसेल तर हे उत्तर अर्धवट सोडा आणि फोन करा, कारण इथल्या बायका तिसऱ्या-चौथ्या महिन्यातच नोंदणी करून मोकळ्या होतात. बाळ झाल्यावर साधारण आठ दिवस एक प्रशिक्षित बाई रोज काही तास घरी येते. एकूण कमीत कमी २४ तास, गरज असेल तर ८० पर्यंत. खर्च मूळ आरोग्यविम्यातून होतो, आपल्याला ताशी पाचेक युरो भरावे लागतात. ती टाके बघते, बाळाचा ताप घेते, अंगावर पाजायला शिकवते, कपडे मशीनला लावते, आल्यागेल्याला कॉफीसुद्धा करून देते. पलंग बुटका असेल तर त्याच्या पायांखाली ठोकळे लावावे लागतात, तिची कंबर धरू नये म्हणून. ते लावताना मी हसले होते, मग जरा ओशाळले. आमच्याकडे गावाला बाळंतिणींना न्हाऊ घालणाऱ्या मावशी होत्या, त्यांच्या कमरेची चौकशी कोणी केली होती?

आमच्या बाईचे आणि माझे खटके उडाले. मी कान बांधून, पायमोजे घालून बसलेली, आणि ही आल्या आल्या खिडकी उघडणार. बाळाच्या टाळूवर तेल थापायला तिची ना होती. गुटी मधात उगाळायची म्हटल्यावर मात्र तिने आवाज चढवला, आणि तिथे तिचंच बरोबर होतं: वर्षाच्या आतल्या बाळाला मध द्यायचाच नाही, त्यातून बोट्युलिझम होऊ शकतो. पण हीच बाई पाळण्यात गरम पाण्याची बाटली कापडात गुंडाळून ठेवायची. म्हणजे आपली शेगडीच की! आणि बाळ झालं की हे लोक टोस्टवर लोणी लावून वर साखरेत घोळलेली विलायती बडीशेप (अ‍ॅनिस) पसरून वाटतात, मुलगा असेल तर निळी-पांढरी, मुलगी असेल तर गुलाबी-पांढरी. नाव ‘मौशेस’, म्हणजे छोटे उंदीर. बडीशेपेने दूध येतं अशी इथली जुनी समजूत. मी तिला माझ्या डब्यातल्या बाळंतशोपा दाखवल्या. तिने वास घेतला, दोन चावल्या, आणि त्या दिवसापासून आमचं जमलं.

खरी परीक्षा नवव्या दिवशी. बाई जाते, नवरा कामावर, घर गप्प. मी दुपारी तीनपर्यंत दात न घासता बसले होते आणि रडत होते. आपल्याकडे सव्वा महिना आणि इथे आठ दिवस, मधल्या दिवसांचं काय, हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. त्या संध्याकाळी समोरच्या दारातल्या तुर्की काकू लाल सरबत घेऊन आल्या, दालचिनी-लवंग घातलेलं. त्यांच्यात बाळंतिणीला ते देतातच. आम्हा दोघींचं डच मोडकं. त्यांनी विचारलं, किती दिवस झाले? मी नऊ बोटं दाखवली. त्यांनी मान हलवली, चाळीस म्हणाल्या, आणि सरळ स्वयंपाकघरात शिरून भांडी घासायला लागल्या. त्यांच्याकडेही चाळीस दिवस पाळतात.

त्या आपणहून आल्या हे माझं नशीब. इथे सहसा न बोलावता कोणी येत नाही. बाळ बघायलासुद्धा वेळ ठरवून येतात. त्याला परकेपणा समजू नका, त्यांना वाटतं आपण त्रास देऊ नये. म्हणून आत्ताच मागून ठेवा. महाराष्ट्र मंडळातल्या किंवा ऑफिसातल्या तीन ओळखीच्या बायकांना ‘काही लागलं तर सांगेन’ असं मोघम नको, ‘नवव्या दिवसापासून मंगळवारचा डबा तुझा’ असं सांगा. लोकांना नेमकं काम दिलेलं आवडतं. आणि घरचं कोणी पुढे येऊ शकलंच, तर तारखेच्या आधी बोलवू नका. व्हिसाचे ९० दिवस असतात, ते क्रामझोर्ग संपल्यावर सुरू होऊ देत.

रडू दोन आठवड्यांनंतरही थांबत नसेल तर फॅमिली डॉक्टरला सांगा, बाळाचं वजन करायला बोलावतात तिथल्या नर्सलाही सांगा. मी लाजेने पाच आठवडे सांगितलं नाही. ते चुकलं.

गाव कोणतं ते कळवा. द हेगच्या आसपास असाल तर अळीवाचे लाडू माझ्याकडून. अळीव इथे मिळतात बरं का, शाळेतली पोरं ते ओल्या कापसावर रुजवतात. फक्त बागेच्या दुकानातलं पेरायचं बी आणू नका, किराणावाल्याकडून घ्या.