कपडे बदलायच्या खोलीत कॅमेरा, वर देवळात प्रवेशबंदीची धमकी

प्रश्न: आमच्या देवस्थानात कुंडावर अंघोळ करून, कपडे बदलून दर्शनाला जायची पद्धत आहे. बायकांच्या खोलीत छताला कॅमेरा दिसला. चित्र कार्यालयातल्या पडद्यावर जातं. विश्वस्त म्हणाले, "चोऱ्या होतात म्हणून लावलाय. देऊळ खाजगी आहे. फार बोललात तर प्रवेश बंद करू." काय करावं?

उत्तर: ताई, आधी पोलीस ठाणं, विश्वस्तांना नोटीस नंतर. हा क्रम उलटला की रातोरात कॅमेरा निघतो आणि "तिथं काही नव्हतंच" असा जबाब येतो. शिवाय रेकॉर्डरची डिस्क भरली की जुनं चित्रण आपोआप पुसलं जातं. कॅमेरे जास्त असतील तर त्याला फार दिवस लागत नाहीत.

खोली पूर्ण रिकामी असताना, दारावरची "महिलांसाठी" ही पाटी आणि कॅमेरा शक्यतो एकाच चौकटीत येईल असा फोटो काढा. आत कोणी असेल तर मोबाइल वर करू नका. मूळ फोटो फोनमध्येच राहू द्या, पुढे पाठवलेली प्रत पुराव्याला कच्ची पडते. कॅमेरा उपटू नका. ओळखीच्या कर्मचाऱ्याकडून चित्रण पेनड्राइव्हवरही घेऊ नका, त्यात इतर बायकाही आहेत. रेकॉर्डर पोलिसांनीच जप्त करायचा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (पोलिसी व न्यायालयीन कारवाईच्या कायद्याच्या) कलम 105 नुसार जप्तीचं चित्रीकरण करावं लागतं, आणि न्यायालयात चित्रणासोबत साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चं प्रमाणपत्र लागतं.

फिर्यादीत भारतीय न्याय संहितेचं कलम 77 (बाईला खाजगी अवस्थेत चोरून पाहणं किंवा टिपणं) लिहायला सांगा: पहिल्या दोषसिद्धीला किमान 1, कमाल 3 वर्षं कैद. नुसतं पडद्यावर पाहणं हाही यात गुन्हा आहे, चित्रण पसरलंच पाहिजे असं नाही. मात्र अंगावर अंतर्वस्त्रंच उरलेली किंवा शरीर उघडं, अशी अवस्था या कलमाला लागते. "साडी नेसलेली होती" असा बचाव येईल, म्हणून कलम 79 (बाईच्या लज्जेचा अपमान, तिच्या खाजगीपणात घुसणं) सोबत हवंच. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम 66ई (संमतीशिवाय खाजगी अवयवांचं चित्रण) सुद्धा. तुमची फिर्याद महिला अधिकाऱ्यानेच नोंदवायची असते आणि प्रत फुकट मिळते. टाळाटाळ झाली तर पोलीस अधीक्षकांना टपालाने लेखी कळवा, मग दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज.

आता "खाजगी देऊळ". धर्मादाय कार्यालयातून नोंदणीचा उतारा काढा. सार्वजनिक न्यास म्हणून नोंद असेल तर हा मुद्दा तिथंच संपतो. प्रवेशाबाबत मात्र नीट समजून घ्या. 1956 चा महाराष्ट्राचा मंदिरप्रवेश कायदा एखाद्या वर्गाला अडवण्याविरुद्ध आहे. पुरुष जातात तिथे बायकांना मज्जाव, हे त्यात बसतं, आणि 1 एप्रिल 2016 ला मुंबई उच्च न्यायालयाने या कायद्याची अंमलबजावणी हे सरकारचं कर्तव्य ठरवलं. गाभारा पुजाऱ्यांखेरीज सगळ्यांनाच बंद असेल तर तो नियम चालतो. त्यावर वाद घालून तक्रार पातळ करू नका. तक्रार केली म्हणून एकट्या तुम्हाला अडवलं, तर त्यासाठी सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम 41अ खाली धर्मादाय आयुक्तांकडे निर्देश मागायचे. तुम्ही देणगीदार नसलात तरी चालतं. पूजेला नेमाने येणारी व्यक्ती कायद्याने हितसंबंधी आहे.

धर्मादाय आयुक्तांकडच्या अर्जात तीन मागण्या ठेवा: आतला कॅमेरा काढावा, पडदा कोण पाहत होतं त्याची नावं द्यावीत, आणि चोरीचीच काळजी असेल तर कॅमेरा खोलीबाहेर, दाराकडे पाठ करून लावावा.