वालाच्या पानांवरील तांबूस ठिपके आणि जमिनीलगतचा ओझोन

प्रश्न : मुरबाड व शहापूर तालुक्यांतील काही शेतकऱ्यांनी कळविले आहे की, भातानंतर घेतलेल्या वालाच्या आणि उन्हाळी कलिंगडाच्या जुन्या पानांवर तांबूस ठिपके पडतात व बुरशीनाशक फवारूनही ते थांबत नाहीत. कारखाने तर दूर आहेत. मग हे प्रदूषण असू शकते का, आणि त्यावर कोणते औषध मारावे?

उत्तर : असू शकते. असे ठिपके जमिनीलगतच्या हवेतील ओझोन या प्रदूषक वायूमुळे पडू शकतात. ओझोन कोणत्याही धुराड्यातून थेट बाहेर पडत नाही. वाहनांच्या व कारखान्यांच्या धुरातील नायट्रोजन ऑक्साइड आणि इंधन, रंग, द्रावके यांतून उडणारी रसायने यांवर कडक उन्हाची क्रिया होऊन तो हवेतच तयार होतो. गर्दीच्या रस्त्यालगत ताज्या धुरातील नायट्रिक ऑक्साइडमुळे तो बराचसा नष्टही होतो. त्यामुळे ठाणे-बेलापूर रस्त्याच्या कडेला ओझोन कमी, आणि दुपारच्या खाऱ्या वाऱ्याबरोबर तीच हवा आत सरकल्यावर शिवारात जास्त, असे घडू शकते.

हा वायू पर्णरंध्रांतून (पानावरील सूक्ष्म छिद्रांतून) पानात शिरून पेशींना इजा करतो, प्रकाशसंश्लेषण मंदावते, पाने लवकर पिकतात आणि दाणा भरण्यास अन्न कमी पडते. पानावर एकही ठिपका नसताना उत्पादन घटते, ही यातली खरी अडचण आहे. कडधान्ये, गहू, बटाटा, टोमॅटो, पालक व कलिंगड ही पिके हळवी आहेत. भात त्यांच्या मानाने सोशिक आहे, शिवाय आपला खरीप भात ढगाळ, पावसाळी हवेत वाढत असल्याने बराचसा वाचतो. तरीही पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अंदाजानुसार २००५ या एका वर्षात देशात सुमारे ३५ लाख टन गहू आणि २१ लाख टन भात ओझोनमुळे गमावला गेला.

फवारणीआधी पान उलटून भिंगाने पाहावे. खालच्या बाजूस बारीक जाळी व हलणारे किडे दिसल्यास तो लाल कोळी आहे. ओझोनचे ठिपके सुरुवातीस केवळ वरच्या बाजूस, शिरांच्या मधल्या भागात येतात, शिरा हिरव्याच राहतात. आणि एका पानाची सावली दुसऱ्यावर पडते तेवढा भाग बहुधा स्वच्छ राहतो. बुरशीच्या ठिपक्यांत असा भेद दिसत नाही.

ओझोनवर बुरशीनाशक चालत नाही. दुकानदार काहीही म्हणो, तो खर्च वाया जातो. पाणी तोडल्यास पर्णरंध्रे मिटतात व ओझोन कमी शिरतो हे खरे असले, तरी पाण्याच्या ताणाने होणारे नुकसान त्याहून मोठे असते, म्हणून पाळी चुकवू नये. भात कापताच उरलेल्या ओलीवर वाल वेळेत पेरावा, म्हणजे शेंगा भरण्याचा काळ मार्चच्या कडक उन्हाआधी निघून जाईल. राब भाजण्याची, म्हणजे भाताच्या रोपांची जागा पालापाचोळा पसरून जाळण्याची प्रथा जुनी असली, तरी ऐन उन्हाळ्यात निघणारा तो धूर ओझोनला कच्चा माल पुरवतो. त्याऐवजी गादीवाफ्यावर रोपे तयार करावीत.

खात्री होत नसल्यास ठिपके असलेली जुनी व कोवळी पाने वेगवेगळी कागदात गुंडाळून, पेरणीची तारीख व केलेल्या फवारण्या लिहून, त्याच दिवशी आपल्या सहायक कृषी अधिकाऱ्याकडे (पूर्वीचे कृषी सहायक) द्यावीत.