ऑल्टरनेटर घरी बदलायचाय? आधी मीटर लाव

डॅशबोर्डवर बॅटरीचा दिवा लागला म्हणजे ऑल्टरनेटर (इंजिन चालू असताना बॅटरी चार्ज करणारा भाग) गेलाच, असं धरून कुर्ल्याच्या सीएसटी रोडला, स्पेअर पार्ट्सच्या बाजारात धावू नकोस. आधी मल्टिमीटर लाव. गाडी बंद असताना चांगली बॅटरी साधारण 12.6 व्होल्ट दाखवते. इंजिन चालू केल्यावर आकडा 13.8 ते 14.5च्या आसपास जायला हवा. (काही नव्या गाड्यांत कंप्युटर तो मुद्दाम खाली आणतो, तिथे हेडलाइट लावून मोज.) आकडा 12वरच रेंगाळला तर ऑल्टरनेटर फिरवणारा पट्टा सैल आहे का, मागची वायर गंजली आहे का ते बघ. आपली मुंबईची खारी हवा आणि तुंबलेलं पाणी, नुसत्या कनेक्शननेही घोळ होतो.

बदलायचाच ठरला तर बॅटरीची निगेटिव्ह वायर आधी काढ. यात सूट नाही. ऑल्टरनेटरच्या मागे रबरी टोपीखालची जाड वायर थेट बॅटरीतून येते. चावी काढली तरी तिच्यात करंट असतोच. पाना एकाच वेळी तिला आणि बॉडीला टेकला की मोठी ठिणगी, कधी पाना तिथेच चिकटतो.

पट्टा उतरवण्याआधी त्याच्या वाटेचा फोटो काढ. जुना ऑल्टरनेटर दुकानात सोबत ने. पुलीच्या खाचा, प्लगच्या पिना, बोल्टच्या भोकांमधलं अंतर, तिन्ही जुळलं तरच पैसे दे. खरं तर त्याआधी ऑटो इलेक्ट्रिशियनला दाखव, कधी नुसते आतले कार्बन ब्रश (फिरत्या भागाला करंट देणारे छोटे तुकडे) झिजलेले असतात आणि काम स्वस्तात होतं. परत जोडताना निगेटिव्ह सगळ्यात शेवटी.